पिवळ्या निशाणाचा दहावा दिवस

फुंगुनीच्या वस्तीत शामे नावाचे चार जण होते, म्हणून बंदराच्या डॉक्टरची होडी वल्हवणाऱ्या शामे कोंबोला सगळे पिवळा शामे म्हणत. तो काही पिवळा नव्हता, चांगला काळाभोर, रुंद पाठीचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. पण रोगाच्या बंदरातून जहाज आलं की समोरच्या बेटावर जे पिवळं निशाण चढे, ते चढवणं आणि उतरवणं हे त्याचं काम होतं. अकरा वर्षं तो ते करत होता. निशाण चढलं की बेटावरचे लोक माणसांतून उठले, उतरलं की पुन्हा माणसांत आले, आणि या दोन्हींची दोरी आपल्या हातात आहे असं त्याला मनापासून वाटे. दोरी हातात होती हे खरंच. हुकूम डॉक्टरचा असे, पण एवढी बारीक गोष्ट तो कॉफीच्या बाकावर सांगत बसत नसे.

तो मूळचा दक्षिणेकडच्या माकुंदुचीचा. बाप मासेमार, आजा मासेमार, आणि शामेला लहानपणापासून माशाच्या वासाने मळमळायचं, म्हणून तो शहरात आला. इथे आधी लवंगांची पोती उचलली, मग सामानाच्या होड्या वल्हवल्या, आणि एक दिवस डॉक्टरचा वल्हेकरी तापाने गेला तेव्हा उरलेल्यांत याचे खांदे रुंद म्हणून याला उचललं. कामाबरोबर एक निळा सदरा मिळाला. सदऱ्यावर छातीपाशी पांढरी इंग्रजी अक्षरं विणलेली होती. ती काय सांगतात ते शामेला कधीच कळलं नाही आणि त्याने कुणाला विचारलंही नाही. विचारलं तर आपल्याला वाचता येत नाही हे उघडं पडेल अशी त्याला भीती, आणि ते तर सगळ्या फुंगुनीला ठाऊक होतं.

संध्याकाळची, मगरिबची नमाज झाली की तो सदरा न काढताच कॉफीवाल्याच्या बाकावर येऊन बसे.

"काय पिवळ्या, आज कोण कोंडलंय?" कुणीतरी विचारी.

"मुंबईची आगबोट. दहा दिवस."

"माझ्या मेहुण्याचं पत्र आहे त्यात."

"पत्र मिळेल. धुरी देऊन देतात."

"आणि मेहुणा?"

"त्याला धुरी देऊन सोडत नाहीत."

"म्हणजे कागदाला रोग लागत नाही नि माणसाला लागतो?"

"कागद खोकतो का?" शामे म्हणे, आणि बाक हसे. पण घरी जाताना तो स्वतःच विचारात पडे. कारण मागच्या वर्षी एका जहाजावरच्या जिवंत बकऱ्या सोडल्या होत्या आणि बकऱ्यांची कातडी जाळली होती, आणि त्याच्या पुढच्या जहाजावरची कातडी सोडून बकऱ्या अडवल्या होत्या. दोन्ही वेळा कारकुनाने वहीत बोट ठेवून नियम दाखवला होता. शामेने दोन्ही वेळा मान डोलावली होती. मला तर वाटतं, त्या बंदरात नियम समजलेला एकही माणूस नव्हता, फक्त मान डोलावण्यात शामेचा हात कुणी धरला नसता.

एक गोष्ट मात्र त्याला पक्की समजली होती, आणि ती म्हणजे दहा दिवस. त्यासाठी त्याच्या कमरेला काथ्याची एक लांब दोरी असे. जहाज नांगरलं की पहिली गाठ, आणि मग रोज सूर्य बुडाला, नवा दिवस लागला, की एक एक गाठ पुढे. दहावी गाठ पडून तिचा सूर्य बुडाला की झाले दहा. गंमत अशी की त्याचे दहा झाले तरी डॉक्टर काही निशाण उतरवायला सांगत नसे. दर वेळी दीड दिवस उशिरा येऊन म्हणे, हं, आता उतरव. शामेला याचं नवल वाटत नसे. गोऱ्या माणसाला उन्हाचा त्रास होतो, तो उशिरा उठतो, त्याची कामं मागे पडतात, एवढं तो समजून होता. मिझाला, म्हणजे बायकोला, तो म्हणेही, "साहेब मनाने चांगला आहे गं, पण आळशी."

त्या वर्षी कुसीचा, दक्षिणेचा वारा सुटला आणि समुद्रापलीकडच्या मजुंगा बंदरात प्लेग असल्याची तार आली. मजुंग्यालाच शामेची एकुलती मुलगी किदावा दिली होती, कोमोरी बेटांकडच्या एका शीडवाल्याला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आणि तारेच्या मागोमाग, एका मंगळवारी, सूर्य मावळायला घटकाभर असताना, नाखवा सोइलीचं गलबत एकतीस माणसं घेऊन बंदरात शिरलं. डॉक्टरची होडी त्याच्या बाजूला लागली तेव्हा शामेने वर पाहिलं, तर कठड्याला धरून किदावा उभी. पोट पुढे आलेलं. शेजारी तिच्या नवऱ्याची म्हातारी आत्या.

"बाबा," किदावा वरून म्हणाली, "पहिलं बाळंतपण आहे. आईकडे आले."

पहिलं मूल आईच्या घरी, आईच्या हातात व्हायचं, हे काही तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि मिझाच्या हातात तर अर्धी फुंगुनी जन्मली होती. शामेचा हात वर गेला आणि तसाच थांबला, कारण डॉक्टर शेजारी बसला होता, आणि हात लावला की लावणाराही त्यांच्यातलाच, हा नियम सगळ्यांत आधीचा.

डॉक्टरच्या मागे कारकून बसला होता. गोव्याचा इनासबाबू, काळा कोट, मांडीवर वही, भित्रा पण सरळ माणूस. शामेने त्याला हळूच विचारलं, "बाबू, माझी पोर आहे त्यात. दिवस भरत आलेत तिचे."

"तिचे भरू देत. आधी नियमाचे भरले पाहिजेत," इनासबाबू म्हणाला. "दहा भरले की घेऊन जा. नियमात मुलगी, सून असं काही नाही रे."

दहा भरले की घेऊन जा. शामेने ते शब्द मनात बांधून ठेवले. माणसं बेटावरच्या पत्र्याच्या कोठीत उतरवली, निशाण चढवलं, कमरेच्या दोरीला पहिली गाठ मारली. परतेपर्यंत सूर्य बुडाला, तेव्हा दुसरी मारली. एका फेरीत दोन दिवस झाले म्हणून त्याला जरा बरं वाटलं.

मग रोजचं सुरू झालं. सकाळ-दुपार तो पाण्याचे पिंप आणि जेवण बेटाच्या धक्क्यावर ठेवी, होडी दहा वाव, वीसेक पावलं, मागे घेई, आणि मग किदावा कोठीतून येऊन आईने पाठवलेलं पातेलं उचली. नारळाच्या दुधातला भात, तळलेला मासा, कधी वेलदोडा घातलेले गोड वडे. दहा वावांवरून बाप-लेकीचं बोलणं चाले.

"आई काय म्हणते?"

"म्हणते, पातेलं परत पाठव."

"परत चालत नाही ना?"

"नाही. गेलेलं भांडं तिथलंच."

मिझाच्या घरातली भांडी अशी एकेक करून बेटावर जाऊन बसली. आठव्या दिवशी तिने शेजारणीचं पातेलं मागून आणलं आणि शामेपुढे आदळलं. "भात जातो, मासा जातो, होडी जाते, तुम्ही जाता. येत नाही ते फक्त पातेलं. आणि माझी पोर. हा कसला नियम हो, किदावाचे बाबा?"

"रोगाचा नियम आहे."

"तुम्हाला समजतो का?"

"समजतो म्हणजे काय, अकरा वर्षं..."

"समजतो का ते सांगा."

"गुरुवारी सूर्य बुडाला की दहा भरतात. एवढं समजतं. त्या दिवशी मी तिला घेऊन येतो. किनाऱ्यावर थांब."

गुरुवारी दुपारी शामे पाणी घेऊन गेला तेव्हा किदावा धक्क्यावर आली नाही. आत्या आली. तिला अर्धंच ऐकू येई, म्हणून ती दुप्पट मोठ्याने बोले. "सकाळपासून कळा येतायत तिला. मला यातलं काही कळत नाही बाबा, मला स्वतःला मूल झालेलं नाही."

आता दुसरा कुणी असता तर त्याने तेव्हाच धक्क्यावर उडी मारली असती. शामेने नाही मारली. तो होडीत बसून राहिला आणि सूर्याकडे बघत राहिला. सूर्य अजून दोन हात वर होता. कोठीतून किदावाचं कण्हणं ऐकू यायला लागलं. तिकडे बघवेना म्हणून त्याने दोरीच्या गाठी बोटांनी चाचपल्या. दहाच्या दहा. पण दहावीचा सूर्य बुडायचा होता, आणि नियम म्हणजे नियम. मी त्याच्या जागी असतो तर सूर्याला शिव्या घातल्या असत्या. हा तोंड मिटून बसला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

सूर्य बुडाला. पाण्यावरून शहरातली बांग आली. शामे धक्क्यावर चढला, खांबापाशी गेला आणि निशाण खाली घेतलं. मग कोठीत जाऊन दहा दिवसांत पहिल्यांदा लेकीच्या कपाळाला हात लावला, आणि तिला उचलून होडीत निजवलं. बाकीचे लोक दारात गोळा झाले होते. "आम्ही पण सुटलो का?" नाखवा सोइलीने विचारलं. "सुटलात. तुमच्यासाठी होड्या येतील," शामे म्हणाला आणि वल्ही मारायला लागला.

फुंगुनीचा किनारा वीस-पंचवीस वावांवर आला तेव्हा डावीकडून बंदराची होडी आडवी आली. निशाण खाली आलेलं शहराच्या धक्क्यावरच्या पहारेकऱ्याला दिसलं होतं. होडीत दोन शिपाई आणि वही छातीशी धरलेला इनासबाबू.

"शामे, निशाण कुणी उतरवलं?"

"मी. माझंच काम आहे ते."

"कुणाच्या हुकमाने?"

"तुमच्याच. दहा भरले की घेऊन जा म्हणालात."

इनासबाबूने घाईघाईने वही उघडली. "आज नववा आहे, शामे."

"नववा कसा? मंगळवारी आले..."

"मंगळवार धरायचा नाही. जहाज आलं तो दिवस सोडून द्यायचा."

"सोडून द्यायचा म्हणजे? त्या दिवशी ती माणसं कुठे होती? बेटावरच होती ना?"

"होती. पण मोजायची नाहीत."

शामेने बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "बरं, मंगळवार गेला. बुधवार पहिला. तरी आज शुक्रवार, म्हणजे दहावा."

"आज गुरुवार आहे."

शामेने आकाशाकडे पाहिलं. माणूस भला आहे, पण याला झालंय काय, असं त्याला वाटलं. "बाबू, सूर्य बुडाला. बांग झाली. शुक्रवार लागला."

"शुक्रवार मध्यरात्री लागतो रे."

"मध्यरात्री? तेव्हा कोण बघतं?"

"कुणी बघायला लागत नाही. घड्याळात होतं ते."

"म्हणजे सगळे झोपलेले असताना दिवस बदलतो आणि कुणालाच दिसत नाही?"

"हो. आणि उद्याचा पुरा झाल्यावर परवा सकाळी निशाण उतरतं. नेहमीच तसं उतरतं. तूच नाही का उतरवत?"

अकरा वर्षांची सगळी जहाजं शामेच्या डोळ्यांपुढे आली आणि प्रत्येक जहाजाला चिकटलेला तो दीड दिवस आला. "म्हणजे साहेब उशिरा येत नव्हता?"

"साहेब एक दिवसही उशिरा आलेला नाही."

"बाबा," होडीच्या तळातून किदावा म्हणाली, "पोचलो का?"

"पोचलोच गं."

"मग वल्हवत का नाही?"

तेच त्याला कळत नव्हतं. इनासबाबू सांगत होता की होडी मागे फिरव, तू हात लावलास म्हणजे आता तूही त्यांच्यातला, तुझे दहा आजपासून. शिपाई लांब बांबू घेऊन उभे होते, होडी रेटायला, पण तेही जवळ यायला धजत नव्हते. पुढे गेलो तर डॉक्टरचा गुन्हा, आणि रोग खरंच होडीत असला तर सगळ्या फुंगुनीचा गुन्हा. मागे गेलो तर पत्र्याची कोठी, बहिरी आत्या, आणि ही पोर. दोन्ही वल्ही हवेत धरून तो बसून राहिला. कुठला दिवस चालू आहे तेच माहीत नसलेल्या माणसाने कुठे वल्हवायचं, असा काहीसा विचार त्याच्या डोक्यात फिरत होता. ओहोटीने होडी हळूहळू किनाऱ्यापासून दूर सरकत होती.

तेवढ्यात पाण्यात खळबळ झाली. मिझा आत येत होती. अंगावरचं लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर बोचकं, गुडघाभर पाणी, मग मांडीभर, मग कमरेपर्यंत.

"बाई, तिथेच थांबा," इनासबाबू म्हणाला. "होडीला हात लावू नका. लावाल तर तुम्हालाही बेटावर जावं लागेल. दहा दिवस."

मिझा थांबली. "हात लावला तर?"

"हो."

"नुसता हात?"

"नुसता हात. नियमच आहे तसा, मी काही करू शकत नाही."

"तुम्ही काही करूच नका, बाबू," मिझा म्हणाली. दोन पावलं पुढे आली, बोचकं होडीत टाकलं, आणि वाकून लेकीच्या गालावर पालथा हात ठेवला. "आता?"

इनासबाबूने वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "आता तुम्ही पण," तो म्हणाला.

"लिहून ठेवा. मिझा, फुंगुनीची." ती कठड्यावर पोट टेकून होडीत चढली, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि नवऱ्याकडे वळली. "काय बघताय? फिरवा होडी. बाळंतपण माझ्या हातात व्हायचं होतं. हात बरोबर आहेत की."

शामेने होडी फिरवली. अकरा वर्षं तो नियम सांगत आला होता आणि त्या नियमाला असं आत शिरायचं दार आहे हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला ते कमरेभर पाण्यात उभं राहून दिसलं. कसं दिसलं, हे त्याने तिला पुढे कितीदा तरी विचारलं, आणि दर वेळी ती म्हणे, "मला फक्त पोर दिसत होती."

पहाटे, फजरच्या बांगेला मुलगी झाली. कोठीच्या मागच्या खोलीत मिझाची सगळी पातेली रांगेने मांडलेली होती. पाणी तापवायला त्यांतलं सर्वांत मोठं कामी आलं.

सकाळी इनासबाबू होडी घेऊन आला. नाक्यावरून त्याने कुणाला न सांगता नारळांचा एक घड आणला होता, तो त्याने बांबूने धक्क्यावर सरकवला आणि होडी दहा वाव मागे घेतली. मग वही उघडली.

"शामे, साहेब रागावलेत. तुझं काम गेलं."

शामेने मान डोलावली.

"सदरा परत द्यायचा आहे."

शामे कोठीत गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. "पोरीला गुंडाळलाय तिने त्यात. काढून आणू?"

"नको, नको," इनासबाबू म्हणाला. "तसाही तो आता इथलाच. मी कसा घेणार?" मग त्याने वहीचं पान उलटलं. "दुसरं असं. गलबतावरची एकतीस, तू, आणि बाई, तेहेतीस. ही चौतिसावी. ही कुठल्या बंदरातून आली, ते रकान्यात लिहावं लागतं. आणि हिचे दहा दिवस कधीपासून धरायचे, की धरायचेच नाहीत, ते साहेबांनाही कळत नाहीये. रोगाच्या बंदरात ती कधी नव्हती, पण आहे तर इथे. साहेब म्हणाले, शामेला विचार, त्याने इतकी जहाजं पाहिलीत."

कॉफीच्या बाकावर हा प्रश्न आला असता तर शामेने कॉफीचा घोट संपायच्या आत उत्तर दिलं असतं. आता तो धक्क्यावर उघडा बसला होता, अंगावर सदरा नाही, आणि त्याने दूरवर पाण्याकडे पाहिलं.

"मला नाही माहीत, बाबू," तो म्हणाला. "मला कधीच माहीत नव्हतं."

इनासबाबूने पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. "वार तरी सांग. शुक्रवार ना?"

"शुक्रवार. तुमचाही?"

"माझाही."

दोघांचा वार पहिल्यांदाच जुळला होता. इनासबाबूने तो लिहिला, बंदराचा रकाना कोरा ठेवला आणि होडी फिरवली.

त्या संध्याकाळी सूर्य बुडाला तेव्हा शामेचा हात सवयीने कमरेला गेला. दोरी नव्हती. तो आत गेला, तर मिझा भिंतीला टेकून बसली होती आणि मांडीवर दोरी घेऊन तिच्या गाठी सोडवत होती. खुंटीला झोळी बांधायची होती आणि गाठींमुळे दोरी सरकत नव्हती. सात सुटल्या होत्या. किदावा झोपली होती, निळ्या सदऱ्यातलं बाळ तिच्या कुशीत.

"अगं, ती मोजायची दोरी आहे," शामे म्हणाला. "मग दिवस कसे मोजायचे?"

"कुणासाठी मोजायचेत?" मिझाने आठवी गाठ दातांत धरली आणि ओढली. "सगळी तर इथेच आहेत."

शामे तिच्यापाशी बसला आणि दोरीचं दुसरं टोक हातात घेऊन नववी गाठ सोडवायला लागला.